एक्सपी चालू झालं, पण निकाल परत आला का?

तुम्ही पीएचडीला नुकतेच लागला असाल किंवा लागायच्या तयारीत असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी येणार. गाइड म्हणतात, "हे मोजमाप आपल्या लॅबमध्ये आधी झालंय. जुना डेटा काढ आणि तुझ्या आकड्यांशी ताडून बघ." तुम्ही कपाट उपसता. सीडी सापडते, वर मार्करने वर्ष लिहिलेलं असतं, सीडी वाचलीही जाते. पण आतल्या फाइली कशातच उघडत नाहीत. त्या उघडणारा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीच्या काळातला, आणि तो ज्या पीसीवर होता तो पीसी केव्हाच भंगारात गेलेला.

मग कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हमखास सांगतं, "त्यात काय एवढं? व्हर्च्युअल मशीनवर एक्सपी टाक, झालं."

हा सल्ला चुकीचा नाही. मी तो पाळला आणि त्याचा मला फायदाही झाला. पण हा सल्ला जिथे संपतो तिथेच संशोधकाचं खरं काम सुरू होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी एका सिनियर ताईंच्या प्रबंधातले आकडे चुकीचे आहेत असं जवळजवळ लेखी देऊन बसले होते. म्हणून आज या सल्ल्याचंच परीक्षण करू. तो कुठे खरा ठरतो, कुठे फसवतो, आणि त्याच्या आधाराने संशोधनात जे मोठे दावे केले जातात ते कितपत टिकतात?

आधी श्रेय: व्हर्च्युअल मशीन नेमकं काय करतं?

पहिला प्रश्न हा की जुना प्रोग्रॅम आजच्या लॅपटॉपवर सरळ का बसत नाही? माझ्या बाबतीत कारण साधं होतं. प्रोग्रॅम ३२-बिट होता, पण त्याचा इन्स्टॉलर १६-बिट होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी असं सर्रास असायचं. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, त्यामुळे दारातच अडवलं जातं. ३२-बिट एक्सपी मात्र दोन्ही चालवतं. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे उपकरणाच्या कार्डाचा ड्रायव्हर. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये लोड होत नाही, मग तुम्ही "कम्पॅटिबिलिटी मोड"वर कितीही टिकमार्क करा.

व्हर्च्युअल मशीन तुमच्या संगणकात एक दुसरा, खोटा पण सुसंगत संगणक उभा करतं. त्याला स्वतःची डिस्क असते, स्वतःचं नेटवर्क कार्ड असतं, स्वतःचं बायोस असतं. पण एक गोष्ट खोटी नसते, ती म्हणजे प्रोसेसर. गेस्टमधल्या सूचना तुमच्या खऱ्या प्रोसेसरवरच चालतात. म्हणून हे वेगवान असतं. इम्युलेटर याच्या उलट प्रोसेसरचीही नक्कल करतो, आणि म्हणून हळू चालतो. तुमच्याकडे ॲपलचा एम मालिकेतला मॅक असेल तर त्याचा प्रोसेसर एक्स८६ नाही. तिथे एक्सपीसाठी क्यूईएमयूवर आधारलेलं यूटीएमसारखं साधन लागेल, आणि ते इम्युलेशन असेल. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

मी व्हर्च्युअलबॉक्स वापरलं. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि जुन्या हार्डवेअरची नक्कल बऱ्यापैकी नीट करतं. इथवर तक्रार काहीच नाही.

ट्यूटोरियल "काय" सांगतात, "का" सांगत नाहीत

तक्रार सुरू होते ती ट्यूटोरियलपासून. "हे निवडा, ते निवडा, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश", आणि शेवटी एक्सपीच्या हिरव्या टेकडीचा स्क्रीनशॉट. तुमच्या मशीनवर काही वेगळं घडलं की तुम्ही अडकलातच, कारण कुठली सेटिंग कशासाठी होती हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी ज्या क्रमाने अडकले त्याच क्रमाने सांगते, कारणांसकट.

पहिली अडचण: मशीन सुरूच होत नाही. लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. इंटेलवर त्याला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीवर एएमडी-व्ही. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून या सोयीशिवाय काहीच चालत नाही, कारण आधीचा सॉफ्टवेअरवरचा मार्ग तेव्हा काढून टाकला गेला. म्हणजे २०१५च्या एखाद्या लेखात "ही सोय नसली तरी चालेल" असं वाचलं, तर ते तेव्हा खरं होतं, आज नाही.

दुसरी: सुरू होतं, पण गोगलगायीच्या गतीने. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. हे कासव म्हणजे विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या खांद्यावर बसून काम करावं लागतंय. तुम्ही हायपर-व्ही कधी चालू केलंच नसेल, तरी विंडोज सिक्युरिटीमधल्या "कोअर आयसोलेशन"मुळे ते चालू असू शकतं. ती सुरक्षेची सोय आहे, त्यामुळे बंद करण्याआधी विचार करा. जुना डेटा काढण्यापुरतं कासव चालणार असेल तर चालू द्या.

तिसरी: इन्स्टॉलर म्हणतो की हार्ड डिस्कच सापडली नाही. एक्सपीच्या मूळ सीडीत साटा एएचसीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. म्हणून व्हर्च्युअल डिस्क आयडीई कंट्रोलरवर जोडायची. आणि एकदा आयडीईवर एक्सपी बसवल्यावर "आता वेग वाढवू" म्हणून ती डिस्क साटावर हलवलीत, तर निळा पडदा येतो आणि कोड असतो ०x०००००००७बी. त्याचा अर्थ, बूट करायचं उपकरण हाती लागत नाही. डिस्क बिघडलेली नसते. एक्सपीकडे तिच्यापर्यंत जायचा रस्ता नसतो, इतकंच. कंट्रोलर परत आयडीई करा, पडदा जातो.

एसीपीआय आणि आय/ओ एपिक या सेटिंगचंही तसंच. एक्सपी बसताना संगणकाकडे बघून त्यानुसार आपला एक पायाभूत भाग निवडतं. नंतर तुम्ही खालची जमीन बदललीत तर ते उठतच नाही. म्हणून नियम असा करा: सेटिंग ठरवायच्या त्या बसवण्याआधी, नंतर हात लावायचा नाही.

चौथी: नेटवर्क कार्ड ओळखत नाही. व्हर्च्युअलबॉक्स निरनिराळ्या प्रकारची कार्डं देतं. त्यातलं पीसीनेट-फास्ट ३ किंवा इंटेल प्रो/१००० टी सर्व्हर निवडलं तर एक्सपी वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतं. इंटेलचंच "एमटी डेस्कटॉप" मात्र व्हिस्टापासून पुढच्यांसाठी ठीक. पण खरं सांगू का? नेटवर्क जोडूच नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीचा पॅच काढावा लागला होता. शिवाय त्या काळातला ब्राउझर आजच्या बहुतेक साइट उघडूही शकत नाही. फाइली आत न्यायच्या असतील तर त्यांची आयएसओ प्रतिमा करून व्हर्च्युअल सीडी म्हणून लावा, किंवा शेअर्ड फोल्डर वापरा.

पाचवी: डोंगल. जुन्या प्रोग्रॅमचं कुलूप अनेकदा पॅरलल पोर्टला लावायच्या एका ठोकळ्यात असायचं. आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. बाजारात यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते. डोंगलशी बोलायला प्रोग्रॅमला पोर्टच्या पत्त्यावर थेट वाचावं-लिहावं लागतं, आणि ते त्या केबलमधून होत नाही. इथे व्हर्च्युअल मशीन हात टेकतं. लॅबमध्ये एखादा पॅरलल पोर्टवाला जुना पीसी अजून चालू असेल तर तो जपा. कुणी "जागा अडवतोय" म्हणालं तरी जपा.

विंडोज ९५ किंवा ९८ लागणार असेल तर अडचणींचा प्रकारच बदलतो. तिथे संगणक फार चांगला असणं हीच अडचण होते. विंडोज ९५च्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये प्रोसेसरचा वेग मोजणारा एक छोटा लूप आहे. प्रोसेसर साधारण २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला की तो लूप इतक्या लवकर संपतो की मोजलेला वेळ शून्य येतो, मग शून्याने भागाकार, आणि बूट होतानाच "विंडोज प्रोटेक्शन एरर". ९८ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम दिलीत तर फाइल कॅशच इतकी जागा मागतो की "मेमरी अपुरी" असा उलटाच निरोप येतो. आपण हौसेने २ जीबी द्यायची आणि ते म्हणणार मेमरी नाही! त्याला १२८ किंवा २५६ एमबी द्या, सुखाने नांदेल. आणखी एक: या मालिकेसाठी व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्स नाहीत, म्हणजे शेअर्ड फोल्डरही नाही.

हे सगळं पार केलं की टेकडी दिसते. ट्यूटोरियल इथे संपतं. माझा घोळ इथे सुरू झाला.

माझा घोळ

आमच्या लॅबच्या स्पेक्ट्रोमीटरचा प्रोग्रॅम लॅबमध्येच, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला होता. मला हवा होता तो २००७चा डेटा, ताईंच्या प्रबंधातला. दर महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाण नमुना मोजून त्या महिन्याचा कॅलिब्रेशन गुणक नोंदवला जायचा. दिव्याचा प्रकाश काळानुसार कमी होत जातो, म्हणून. प्रोग्रॅम फाइलमधली मोजणीची तारीख वाचायचा, त्या महिन्याचा गुणक शोधायचा आणि दुरुस्त केलेली तीव्रता दाखवायचा. सोय छान होती.

मी सगळ्या फाइली उघडल्या, आकडे टेक्स्टमध्ये काढले, प्रबंधातल्या तक्त्याशेजारी ठेवले. निम्म्याहून जास्त आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले, आणि बाकीचे जुळेनात. काही ठिकाणी फरक नगण्य, काही ठिकाणी चांगलाच.

इथे मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे सांगते, कारण तुम्हीही तोच कराल. बहुतेक आकडे हुबेहूब जुळतायत, म्हणजे माझं मशीन बरोबर आहे. मग न जुळणारे आकडे ताईंनी तक्ता टाइप करताना चुकवले असणार. मूळ प्रोग्रॅम, मूळ फाइल, मूळ एक्सपी. यापुढे प्रबंधातला टाइप केलेला तक्ता कोण मानणार? मी गाइडना पाठवायच्या प्रोग्रेस रिपोर्टमध्ये तसं वाक्यही लिहिलं: "मूळ तक्त्यात काही नोंदी सदोष आढळल्या."

पाठवण्याआधी एकदा न जुळणाऱ्या फाइलींची यादी तारखेनुसार लावली. ५, ७, ९, ११, ३, ८... जुळणाऱ्यांची लावली. १४, १८, २२, २७, ३०... न जुळणाऱ्यांत एकही तारीख १२च्या वर नव्हती.

बारा हा आकडा बघितल्यावर काही वेळ नुसती बसून राहिले. महिने बारा असतात.

एक्सपी बसवताना एक पडदा येतो: "रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स". तिथे आधीपासून "इंग्लिश (युनायटेड स्टेट्स)" लिहिलेलं असतं. मी बघितलेल्या प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये तिथे एकच शब्द होता, नेक्स्ट. मीही नेक्स्ट केलं होतं. त्यामुळे माझ्या एक्सपीत महिना आधी आणि दिवस नंतर. ०५-०३-२००७ ही ५ मार्चची मोजणी प्रोग्रॅमने ३ मे समजून वाचली आणि मे महिन्याचा गुणक लावला. आणि १४-०३-२००७? चौदावा महिना नसतो. अशा वेळी व्हिज्युअल बेसिक चूक दाखवत नाही. ते गुपचूप दिवस-महिना उलटे करून बघतं, तारीख बसली की पुढे जातं. म्हणून १३ तारखेपासून पुढचं सगळं बरोबर आलं, आणि त्या "बरोबर"मुळेच माझा मशीनवर विश्वास बसला. ५ मेची एक फाइल पहिल्या बारांत असूनही जुळत होती. का, ते तुम्हीच ओळखा.

ताईंना फोन केला. "ताई, तुमच्या त्या पीसीवर रीजनल सेटिंग काय होतं, काही आठवतंय का?" त्या हसल्याच. "अगं, तो घोळ आम्हीपण घातला होता! म्हणून तर मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली होती, ‘रीजनल सेटिंग इंडिया, कुणी बदलू नये’ अशी. चिठ्ठी नाहीये का?"

चिठ्ठी मॉनिटरबरोबर भंगारात गेली होती.

सेटिंग बदललं, फाइली पुन्हा उघडल्या, सगळे आकडे जुळले. रिपोर्टमधलं ते वाक्य खोडलं. एका माणसाच्या चार-पाच वर्षांच्या कामावर मी "सदोष" असा शिक्का मारणार होते, तोही माझ्या एका नेक्स्टच्या जोरावर.

मोठा दावा: "सगळं मशीन जपून ठेवा, निकाल जपला जाईल"

आता हा माझ्या एकटीचा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता आला असता. पण यामागे संशोधनातला एक मोठा वाद आहे, तो तुम्हाला माहीत असायला हवा.

बिल हाऊ यांनी २०१२मध्ये मांडलं की संगणकावर केलेलं संशोधन इतरांना पुन्हा करता यायचं असेल, तर कोड, डेटा आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे सगळं एका व्हर्च्युअल मशीनमध्ये भरून तेच प्रसिद्ध करावं. ते उघडलं की जसंच्या तसं चालेल. त्याच वर्षी सी. टायटस ब्राउन यांनी उलट बाजू मांडली: असं मशीन म्हणजे बंद पेटी. ते चालवता येतं, पण आत काय आणि का आहे ते कळत नाही, आणि त्यावर पुढचं काम उभारता येत नाही. नुसतं चालवून तोच आकडा मिळवणं म्हणजे विज्ञान समजणं नव्हे.

हाऊ यांच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की निकाल बदलतो, हे खरंच घडलंय. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून आकारमान काढणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरवर २०१२मध्ये ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तीच चित्रं, पण सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी, तर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक. आवृत्ती तीच ठेवून संगणकाचा प्रकार किंवा मॅक ओएसची आवृत्ती बदलली, तरीही फरक येत होता, सुमारे निम्मा. दुसरं उदाहरण रसायनशास्त्रातलं. एनएमआरच्या गणनेसाठी २०१४मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये आलेल्या पायथन स्क्रिप्ट वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर वेगळे आकडे देतात, असं हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं. कारण काय, तर फोल्डरमधल्या फाइलींची यादी प्रत्येक सिस्टीम आपापल्या क्रमाने देते, आणि स्क्रिप्टने क्रम ठरलेला आहे असं गृहीत धरलं होतं. यादी क्रमाने लावणारी एक ओळ घातली की प्रश्न सुटतो.

या दोन्ही ठिकाणी संपूर्ण मशीन जपलं असतं तर तोच आकडा परत आला असता. हाऊ यांचा मुद्दा इथे खरा.

पण दुसरं उदाहरण पुन्हा बघा. चुकीच्या सिस्टीमचं मशीन जपलं असतं तर चुकीचा आकडाही तितक्याच इमानाने परत आला असता, दरवेळी. आणि "पुन्हा केलं, तोच आकडा आला" म्हणून आपण निर्धास्त झालो असतो. चूक सापडली ती कोड वेगवेगळ्या सिस्टीमवर चालवल्यामुळे. इथे ब्राउन यांचा मुद्दा खरा.

मग कुणाची बाजू घ्यायची? माझं मत असं. हा वाद होता तो संशोधक आपलं मशीन आज, जाणूनबुजून बांधून ठेवतो त्याबद्दल. आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतं ते वेगळंच. आपल्याला मशीन मिळतच नाही. आपण एका मेलेल्या पीसीची जागा घेणारं नवं मशीन बांधतो, आणि त्याला "मूळ" समजतो. माझ्या व्हीएममध्ये एक्सपी मूळ होतं, प्रोग्रॅम मूळ होता, फाइली मूळ होत्या. फक्त लॅबने त्या पीसीला लावलेलं वळण नव्हतं. ते रजिस्ट्रीत होतं, एखाद्या आयएनआय फाइलीत होतं, मॉनिटरवरच्या चिठ्ठीत होतं. जुना प्रोग्रॅम चालू होणं आणि जुना निकाल परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्यूटोरियल पहिलीलाच दुसरी समजायला शिकवतात. मोठ्या दाव्यांतही हीच गल्लत डोकावते.

आणि अगदी हुबेहूब मशीन मिळालं, तरी सगळं गोठत नाही. वर म्हटलं होतं, प्रोसेसर खराच असतो. गणिताच्या काही लायब्ररी, उदाहरणार्थ इंटेलची एमकेएल, चालू होताना प्रोसेसर कोणता आहे ते बघून त्याप्रमाणे वेगळा कोड निवडतात. बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या अंकांत फरक पडू शकतो. तेच व्हीएम, दुसरा लॅपटॉप, शेवटचे अंक वेगळे. तुमचं गणित स्थिर असेल तर त्याने बिघडत नाही. अस्थिर असेल तर बिघडतं, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं.

मोठ्या संस्थाही हे काम करतायत. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ऑलिव्ह प्रकल्पाने जुनी सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये जपून नेटवरून चालवून दाखवली. येल विद्यापीठाने इम्युलेशनची अशीच सेवा उभी केली. तिथे नोंदी करणारे ग्रंथपाल असतात. आपल्या लॅबमध्ये ग्रंथपाल नसतो, आपणच असतो.

२०२०च्या सुमाराला रिसायन्स सी या नियतकालिकाने संशोधकांना आव्हान दिलं होतं: दहा वर्षांहून जुना स्वतःचा कोड पुन्हा चालवून दाखवा. आयोजकांपैकी निकोला रुजिए यांनी १९८८चा आपला ॲपल २ वरचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. तो त्या काळी एका फ्रेंच मासिकात प्रसिद्ध झाला होता. म्हणजे कुणालाही वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात बाहेर पडला होता. ३२ वर्षांनी चालवायला इम्युलेटर लागलाच, पण इम्युलेटरला खायला घालायला मजकूर होता म्हणून.

तर मग काय करायचं?

व्हर्च्युअल मशीन वापरायचं की नाही, हा प्रश्नच नाही. स्रोत कोड नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी तोच बहुधा एकमेव मार्ग आहे. वापरायचंच. पण पुढच्या गोष्टी केल्याशिवाय त्यातून आलेला एकही आकडा प्रबंधात घालू नका.

बसवतानाच एक साधी टेक्स्ट फाइल उघडून ठेवा. होस्ट कोणता, व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती कोणती, एक्सपीचा सर्व्हिस पॅक कोणता, डिस्क कंट्रोलर, रॅम, भाषा-देश, टाइम झोन. प्रत्येकापुढे "का" लिहा. "आयडीई, कारण एक्सपीत एएचसीआय ड्रायव्हर नाही" एवढं पुरतं. ज्या पडद्यावर कारण सुचत नाही तिथे नेक्स्ट करण्याआधी थांबा. माझी चूक नेमकी तिथेच होती.

मशीन चालू झाल्यावर आधी उत्तर माहीत असलेली फाइल उघडा. एक नको, निरनिराळ्या तारखांच्या, निरनिराळ्या नमुन्यांच्या दहा-बारा घ्या. आणि काही जुळले, काही नाही असं झालं, तर न जुळणाऱ्यांची यादी एका नाही, दोन-तीन प्रकारे लावून बघा: तारखेने, आकाराने, नावाने. चूक माणसाची असेल तर ती बहुधा विखुरलेली असते. मशीनची चूक रांगेत उभी राहते.

मूळ फाइलींची प्रत आधी करा आणि ती प्रत फक्त वाचण्यापुरती ठेवा. काही जुने प्रोग्रॅम फाइल नुसती उघडली तरी तिच्यात काहीतरी लिहितात.

आकडे बाहेर काढताना दुरुस्त केलेले आणि कच्चे असे दोन्ही काढा, साध्या टेक्स्टमध्ये. तारीख २००७-०३-०५ अशी, वर्ष आधी, म्हणजे पुढच्याला तुमचा देश ओळखत बसावं लागणार नाही.

मशीन जपायचं असेल तर पूर्ण बंद करून मग ओव्हीए म्हणून काढा. चालू अवस्थेत "सेव्ह" केलेलं मशीन दुसऱ्या प्रोसेसरवर किंवा दुसऱ्या आवृत्तीत उठेलच असं नाही. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो मूळ डिस्कवरच उभा असतो. आणि ती टेक्स्ट फाइल ओव्हीएच्या आत नाही, शेजारी ठेवा. पेटी उघडत नसेल तर किल्ली पेटीत असून काय उपयोग? एक्सपीच्या लायसन्सचं संस्थेच्या कॉम्प्युटर सेंटरला विचारा. जुन्या पीसीवरच्या स्टिकरचं लायसन्स बहुतेकदा त्या पीसीपुरतंच असतं.

आणि जुन्या माणसांना फोन करा. हे मी शेवटी लिहितेय, पण करायचं सगळ्यात आधी. तीन दिवसांत मला जे कळलं ते ताईंना पहिल्या मिनिटाला आठवलं होतं. लॅब सोडून गेलेली माणसं अशा फोनने वैतागत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या लॅबमधला सगळ्यात जुना चालू पीसी शोधा. त्याच्या मॉनिटरवर, कॅबिनेटवर, कीबोर्डखाली काय काय चिकटवलंय ते बघा, फोटो काढा, टाइप करून ठेवा. व्हर्च्युअल मशीन नंतर केव्हाही बसवता येईल. चिठ्ठी एकदा गेली की गेली.